ॲस्पिरिन आणि रक्तबिंबिका : एका शोधाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
औषधाचा उपयोग आधी व त्याचे कारण नंतर, असा क्रम वैद्यकाच्या इतिहासात अनेकदा आढळतो. ॲस्पिरिन हे त्याचे ठळक उदाहरण होय. इ. स. १८९७ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीत ते शुद्ध स्वरूपात तयार झाले. पुढे सत्तर वर्षे ते ताप व वेदना यांवर दिले गेले. परंतु त्याच्या क्रियेचे मर्म अज्ञातच होते. रक्त गोठण्याशी असलेला त्याचा संबंध कसा उलगडला, याचा प्रस्तुत लेखात मागोवा घेतला आहे.

उपेक्षित निरीक्षण :
कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथील डॉ. लॉरेन्स क्रेव्हन हे टॉन्सिल काढलेल्या रुग्णांना ॲस्पिरिनयुक्त च्युइंगम देत. ते अधिक चघळणाऱ्यांत रक्तस्राव वाढतो, असे त्यांना दिसले. हेच औषध हृदयाच्या धमनीतील गुठळीही रोखेल, असा तर्क करून त्यांनी इ. स. १९५० पासून आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. इ. स. १९५६ पर्यंत त्यांच्या नोंदींत सुमारे ८,००० व्यक्ती होत्या. मात्र तुलनेसाठी ॲस्पिरिन न घेणारा गट नव्हता आणि कारणमीमांसाही नव्हती. परिणामी वैद्यकविश्वाने त्यांची दखल घेतली नाही.

कारणाचा शोध :
लंडन येथील औषधिक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक जॉन व्हेन यांनी इ. स. १९७१ मध्ये गिनीपिगच्या फुप्फुसांवरील प्रयोगांतून ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखते, हे सिद्ध केले. त्याच वर्षी स्मिथ व विलिस यांना मानवी रक्तबिंबिकांत, म्हणजेच प्लेटलेटमध्ये, हाच परिणाम आढळला. इ. स. १९७५ मध्ये स्वीडनमधील बेंग्ट सॅम्युएलसन व सहकाऱ्यांनी थ्रॉम्बॉक्सेन ए-२ हे द्रव्य ओळखले. रक्तवाहिनीस इजा होताच बिंबिका हे द्रव्य सोडून इतर बिंबिकांना एकत्र येण्याचा संदेश देतात. ॲस्पिरिन या संदेशाच्या निर्मितीस आवश्यक असलेले एंझाइम कायमचे निकामी करते. बिंबिकेत केंद्रक नसल्यामुळे आठ-दहा दिवसांच्या आयुष्यात तिला ते पुन्हा पुरेसे तयार करता येत नाही. म्हणूनच अल्प मात्रेचाही परिणाम टिकतो. या संशोधनपरंपरेसाठी व्हेन, सॅम्युएलसन व सूने बेर्गस्ट्रोम यांना इ. स. १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रमाण आणि मर्यादा :
इ. स. १९८८ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ॲस्पिरिनमुळे पहिल्या पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले होते. याउलट, निरोगी वृद्धांवरील इ. स. २०१८ च्या चाचणीत हृदयविकारापासून लक्षणीय संरक्षण मिळाले नाही. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला.

निष्कर्ष :
क्रेव्हन यांचा तर्क योग्य होता. परंतु निरोगी व्यक्तींना सरसकट ॲस्पिरिन देण्याची त्यांची शिफारस पुढे टिकली नाही. निरीक्षणाने प्रश्न दिला, प्रयोगशाळेने कारण दिले आणि चाचण्यांनी मर्यादा आखून दिली. गुठळी रोखणारा आणि रक्तस्राव वाढवणारा गुण एकच आहे, याची पहिली सूचना ग्लेंडेलच्या रुग्णांतच मिळाली होती. त्यामुळे हे औषध कोणाला द्यावे, याइतकेच ते कोणाला देऊ नये, हे जाणणेही या इतिहासाचे सार आहे.