ठरावाखाली कुणाची निशाणी

रेणापूर तालुक्यात मी ग्रामसेविका होते. ग्रामसभेचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडं असायचं. विषय, ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. गावानं कसं वागायचं याचा नियम एवढ्याशा मजकुरानं बदलतो. म्हणून सूचकाच्या जागी कुणाचं नाव येतंय, याकडं माझं कायम लक्ष असे.

जुन्या गावगाड्यात तंटा गोतसभेपुढं यायचा. निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्याखाली प्रत्येक जण आपल्या हत्याराची निशाणी करी. पाटलाचा नांगर सगळ्यांना ठाऊक असतो, पण सुतार, लोहार, चांभार, महार यांच्याही निशाण्या त्याच कागदावर येत. लिहिता न येणाऱ्याची साक्षसुद्धा गावाला लागे, हे मला फार मोलाचं वाटतं. पण हेच गाव कुणाला वाळीतही टाकी, आणि घरोघरच्या बायांना त्या बैठकीत जागा नव्हती. वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा ठरायला 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा यावा लागला. आता त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

आपला भाग 1948 पर्यंत निजामाकडं, 1956 मध्ये मुंबई राज्यात आला. पुढं 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यानं ग्रामसभेत मतदार यादीतल्या प्रत्येकाला बसवलं, बाईलाही. कागदावर हा केवढा मोठा बदल! प्रत्यक्षात काय होतं? गणपूर्तीला 15 टक्के किंवा 100 मतदार लागतात. तेवढे जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग जे पाच-पंचवीस जण बसलेले असतात, तेच गाव ठरतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, ही तरतूद म्हणूनच आली. कित्येक गावांत ती सह्यांपुरती उरते, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

दारूबंदीच्या मतदानात मात्र बायांच्या मताचं वजन दिसतं. चौथा हिस्सा महिला मतदारांनी लेखी मागणी केली की उभी बाटली, आडवी बाटली असं मतदान होतं. दुकान बंद व्हायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नव्हे, एकूण मतदारांच्या. म्हणजे जी घरीच राहिली, तिचं मत दुकानाच्या बाजूनं गेलं. ही अट कडक आहे, माझ्या मते अन्यायाची आहे.

आणि मे 2022 मधलं कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद, असा ठराव त्या ग्रामसभेनं केला. त्याच महिन्यात, 17 मे रोजी, राज्य शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावानं आपला रिवाज बदलला आणि मंत्रालयाला त्याची दखल घ्यावी लागली.

रेणापुरात आता नगरपंचायत आहे. तिथं नगरसेवक ठरवतात, ग्रामसभा नाही. आसपासच्या खेड्यांतल्या आयाबहिणींना माझं सांगणं आहे: तुमच्याकडं ती अजून आहे. 15 ऑगस्टची सभा यायच्या आधीच आपला विषय लेखी द्या, पोच घ्या, आणि सूचक म्हणून स्वतःचं नाव लिहायला लावा.