टोचल्यानंतरचा तिसरा दिवस

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सोळावा अध्याय कान टोचण्याचा. माझ्याकडची प्रत यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादलेली, मुंबईच्या निर्णयसागरची, १९३८ सालची. मी सोनाराच्या घरातली, पुढे वैद्यकी शिकले. म्हणून माझी नजर मुहूर्तापेक्षा टोचून झाल्यानंतरच्या ओळींवर रेंगाळते.

बाळ सहाव्या किंवा सातव्या महिन्यातलं. दाईच्या मांडीवर खेळण्यांनी रमवायचं, डाव्या हाताने पाळी ओढून उन्हात धरायची, उजेड आरपार दिसेल तिथेच सुई सरळ घालायची. रक्त फार आलं, बाळ कळवळलं, तर जागा चुकली. मग भोकात कापसाची वात, वर तेल. दर तिसऱ्या दिवशी वात थोडी जाड. आणि कान सुजला, ठणकू लागला तर? सुई बोथट किंवा वाकडी असेल, वात फार घट्ट बसली असेल, असं ग्रंथकार स्पष्ट सांगतो. वात ताबडतोब काढा. ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, जव, तीळ वाटून मध-तुपातून लेप द्या. पुरतं भरल्यावरच पुन्हा टोचा. दोष आधी हत्याराचा आणि हाताचा. हे मला फार मोठं वाटतं.

आमच्याकडे वडील सोन्याच्या बारीक तारेलाच टोक काढत. तार आरपार गेली की तिथेच पीळ देऊन कडी करत. वर खोबरेल, हळद. बिनकुड्यांच्या कानात कडुनिंबाची काडी घालायची रीतही जुनीच. भोक वाढवायला कानात हलकं साधन घालायला सुश्रुतानेही सांगितलंय. हरवलं ते तिसऱ्या दिवशीचं पाहणं. सोनार टोचून, दक्षिणा घेऊन जायचा. पुढचा पू घरच्या बायकांनी निस्तरायचा.

पाळीत हे बरेचदा निभावतं. भिकबाळीच्या जागी, म्हणजे कानाच्या वरच्या भागात, नाही. तिथे कूर्चा असते, तिला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पू धरला तर ती विरघळते आणि कान कायमचा चुरगळतो. हल्ली तिथेच बंदुकीने टोचून मुलं येतात, वर हळदीचा लगदा थापलेला. मी सांगते: हात धुऊन मिठाच्या निर्जंतुक पाण्याने दिवसातून दोनदा साफ करा, कडी फिरवत बसू नका. पाळीत थोडा पू असला तरी कडी आपणहून काढू नका, भोक मिटून तो आत कोंडतो. इथे मी सुश्रुताचं ऐकत नाही. आणि कानाचा वरचा भाग लाल, गरम, दुखरा झाला की लेपाची वाट न बघता त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवते. तिथे अँटिबायोटिक लागतंच.