काइनिक अम्ल
मेंदूतील ग्लुटामेट-ग्राहींना उद्दीपित करणारे एक नैसर्गिक ॲमिनो अम्ल. याच्या रेणूत कार्बनाचे १०, हायड्रोजनाचे १५, नायट्रोजनाचा १ व ऑक्सिजनाचे ४ अणू असतात. हे डायजेनिया सिंप्लेक्स या लाल शैवलात आढळते. शैवलाच्या ‘काइनिन्सो’ या जपानी नावावरून अम्लाला हे नाव पडले.

जपानमध्ये या शैवलाचा काढा पोटातील जंतांवर फार पूर्वीपासून देत असत. १९५३ मध्ये मुराकामी, ताकेमोतो व शिमिझू यांनी त्यातील क्रियाशील द्रव्य अलग केले व ते गोल कृमींवरील औषध म्हणून प्रचारात आले.

१९५९ मध्ये कॅनबरा येथे कर्टिस, फिलिस व वॉटकिन्स यांनी ग्लुटामिक अम्लाने मेरुरज्जूतील तंत्रिका कोशिका उत्तेजित होतात, असे दाखविले. तथापि हे अम्ल शरीरात सर्वत्र असल्याने ते तंत्रिका-संदेशवाहक असावे, हे खुद्द त्यांनाही पटले नव्हते. १९७० मध्ये शिनोझाकी व कोनिशी यांनी काही कृमिनाशके व कीटकनाशके उंदरांच्या मेंदूच्या बाह्यकावर वापरून पाहिली. त्यांत काइनिक अम्ल ग्लुटामिक अम्लाहून कितीतरी प्रभावी ठरले. याचे कारण संरचनेत आहे : ग्लुटामिक अम्लाचा लवचिक सांगाडा येथे वलयात जखडलेला असतो. पुढे या अम्लाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींना ‘काइनेट-ग्राही’ हे नाव मिळाले.

उत्तेजन अतिरेकी झाले, तर कोशिकाच मरते, हे ओल्नी यांनी १९७४ मध्ये या अम्लाच्या साहाय्याने दाखविले. १९७६ मध्ये कॉइल व श्वार्त्स यांनी उंदरांच्या मेंदूतील रेखी पिंडात ते टोचले. तेथील कोशिका नष्ट झाल्या, पण तेथून जाणारे तंतू शाबूत राहिले. हंटिंग्टन विकारासारखी ही स्थिती प्रयोगशाळेत प्रथमच अभ्यासता आली. अपस्माराच्या संशोधनातही हे अम्ल वापरतात.

या ज्ञानाचे मोल १९८७ मध्ये प्रत्ययास आले. कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावरील शिंपले खाऊन शंभराहून अधिक लोकांना विषबाधा झाली. तिघे दगावले व काहींची नवे लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची गेली. शिंपल्यांत डोमोइक अम्ल सापडले. काइनिक अम्लाशी संरचनेने निकट असलेले हे द्रव्यही १९५८ मध्ये जपानी कृमिनाशक शैवलातूनच मिळाले होते. त्याची क्रिया काइनिक अम्लावरील प्रयोगांमुळे लवकर उमगली. त्यानंतर शिंपल्यांच्या मांसात प्रत्येक किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक डोमोइक अम्ल नसावे, अशी मर्यादा घालण्यात आली.