घाटपायथ्याची खोपोली

बोरघाटाच्या पायथ्याशीं वसलेल्या खोपोलीचा इतिहास हा मुख्यतः वाटसरूंचा इतिहास होय. नाना फडणिसांनीं येथें बांधविलेला विस्तीर्ण तलाव व महादेवाचें देऊळ आजही त्याची साक्ष देतात. चढणीपूर्वीं माणसांस व जनावरांस पाणी हवें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

इ. स. १८३० मध्यें गव्हर्नर माल्कम ह्यांच्या कारकीर्दींत घाटांतून गाडीरस्ता खुला झाला. १८५६ मध्यें मुंबईची आगगाडी खोपोलीस पोहोंचली. १८५८ मध्यें पुण्याची खंडाळ्यास आली. मधला घाट उतारू पालखींतून वा तट्टांवरून ओलांडीत. १८६३ मध्यें लोहमार्ग घाट चढला. तो पळसदरीहून वर गेल्यामुळें खोपोली आडबाजूस पडली. तें काम करतांना हजारों मजूर रोगराईनें व अपघातांनीं मरण पावले. बोगद्यांतून जातांना आपण त्यांचें स्मरण क्वचितच करतों.

पुढें १९१५ मध्यें येथें टाटांचें वीजघर सुरू झालें आणि लोणावळ्याकडील तळ्यांच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या चालूं लागल्या. २००२ मध्यें द्रुतगतिमार्ग पुरा होतांच पुष्कळ वाहनें गांवांत न थांबतां जाऊं लागलीं.

वाट दोनदां बदलली, तरी गांव उठलें नाहीं. ज्या गांवानें थकलेल्या परक्यास पिढ्यान्‌पिढ्या विसावा दिला, त्याची थोरवी रहदारीवरून मोजूं नये, असें आम्हांस वाटतें.