पुराव्याचा रकाना : मुगा रेशमापासून बोडो जौपर्यंत

चेन्नईला एक सरकारी नोंदणी कार्यालय आहे. एखाद्या गावाच्या किंवा प्रदेशाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूंची नोंद तेथे होते. या नोंदीला भौगोलिक मानांकन म्हणतात. त्यासाठीचा कायदा आपल्या संसदेने १९९९ साली केला आणि तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. दार्जिलिंगचा चहा ही या वहीतली पहिली नोंद. अर्जाच्या नमुन्यात बरेच रकाने असतात : वस्तूचे वर्णन, प्रदेशाचा नकाशा, वस्तू तयार करण्याची पद्धत, तिचे वेगळेपण, दर्जाची तपासणी कोण करणार, वगैरे. त्यातला एक रकाना मात्र शिक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. तो म्हणजे ‘उगमाचा पुरावा’. या रकान्यात ऐतिहासिक नोंदी द्याव्या लागतात.

याचा अर्थ असा की वस्तू चांगली आहे एवढे सांगून भागत नाही. ती याच भूमीत पूर्वापार होत आली आहे हेही दाखवावे लागते. पण नोंदी कोणाजवळ असतात? राजदरबाराजवळ असतात, प्रवाशांजवळ असतात, कारभार करणाऱ्या परक्या अधिकाऱ्यांजवळ असतात. जी माणसे ती वस्तू प्रत्यक्ष बनवतात त्यांच्याजवळ बहुधा नसतात. मग त्यांनी हा रकाना कसा भरावा? आसामातील तीन-चार उदाहरणे घेऊन या प्रश्नाचा विचार आपण करू.

पहिले उदाहरण मुगा रेशमाचे. आसामातून सर्वांत आधी, २००७ साली, मानांकन मिळाले ते मुग्याला. त्याच्या पुराव्याची बाजू भक्कम आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्तम वस्त्रे जेथे होतात अशा ठिकाणांमध्ये सुवर्णकुड्य हे नाव येते. हे ठिकाण प्राचीन कामरूपात, म्हणजे आजच्या आसामात, असावे असे अनेक अभ्यासक मानतात. सातव्या शतकात कामरूपचा राजा भास्करवर्मा याने हर्षवर्धनाकडे दूत पाठवला. दूताने नेलेल्या नजराण्याचे लांबलचक वर्णन बाणभट्टाने हर्षचरितात केले आहे आणि त्यात मऊ रेशमी वस्त्रेही आहेत. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने लिहिले की आसामात रेशमाचे किडे वर्षभर झाडांवरच राहतात. ताव्हेर्निये स्वतः आसामात गेला नव्हता. मीर जुमल्याच्या १६६२ च्या स्वारीनंतर बाहेर आलेल्या माहितीवर त्याने भिस्त ठेवली. तरीही ‘झाडांवर राहणारे किडे’ हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण तुतीचा रेशीमकिडा झाडावर ठेवला तर जगत नाही. हे वर्णन घरात पाळलेल्या किड्याचे नाही.

१८२६ च्या यांदाबूच्या तहाने आसाम कंपनी सरकारच्या ताब्यात गेला आणि निसर्गाची मोजदाद सुरू झाली. १८३७ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आसामच्या रेशमावर थॉमस ह्यूगन याचा लेख आला. त्याच वर्षी हेल्फर याने मुग्याच्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन केले. त्या पतंगाच्या शास्त्रीय नावात, अँथेरिया असामेन्सिस, आसाम कायमचा नोंदला गेला. याच प्रजातीचा एक भाऊबंद आपल्याकडेही आहे. भंडारा-गडचिरोली भागात ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. त्यांचा पतंग अँथेरिया मायलिट्टा. टसर भारतात बऱ्याच ठिकाणी होतो. मुगा मात्र जवळजवळ सगळा ईशान्य भारतात होतो आणि त्यातलाही फार मोठा वाटा आसामचा.

येथे थोडे जीवशास्त्र पाहू, कारण पुढच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. मुग्याची अळी प्रामुख्याने सोम आणि सोआलू या दोन झाडांची पाने खाते. ती उघड्यावर, झाडावरच वाढते. ऊन, पाऊस, पक्षी, गांधीलमाश्या हे सारे तिला सोसावे लागते. वर्षात पाच-सहा पिढ्या होतात. त्यांपैकी धाग्यासाठी मुख्यतः दोन : कतिया आणि जेठुआ. कार्तिक आणि ज्येष्ठ हे आपले महिने त्या नावांत सहज ओळखू येतात. बाकीच्या पिढ्या मुख्यतः पुढचे बियाणे टिकवण्यासाठी असतात. एका झाडाची पाने संपली की अळ्या खोडावरून खाली उतरतात. पाळणारा त्यांना बांबूच्या त्रिकोणी चाळणीवर गोळा करतो आणि ती चाळणी दुसऱ्या झाडाला टांगतो. पूर्ण वाढलेल्या अळ्याही संध्याकाळनंतर अशाच खाली येतात. मग त्यांना वाळक्या पानांच्या जुड्यांत कोश करायला ठेवतात. एक किलो धाग्यासाठी साधारण पाच हजार कोश लागतात. धागा मुळातच सोनेरी असतो, त्याला रंग द्यावा लागत नाही.

आता वरची कागदपत्रे पुन्हा पाहा. अर्थशास्त्रात वस्त्र आहे, हर्षचरितात नजराणा आहे, ताव्हेर्नियेच्या पुस्तकात विकाऊ माल आहे. संध्याकाळी झाडाखाली उभे राहून अळ्या गोळा करणारा माणूस त्यात कोठेही नाही. वस्तूची नोंद झाली, ती वस्तू घडवणाऱ्या ज्ञानाची झाली नाही.

दुसरे उदाहरण बोका चाउल या तांदळाचे. लोअर आसामच्या नलबारी, बरपेटा, कामरूप, बाक्सा, कोक्राझार अशा जिल्ह्यांत तो होतो. त्याला २०१८ साली मानांकन मिळाले. हा तांदूळ शिजवावा लागत नाही. साध्या पाण्यात तासभर भिजवला की तो मऊ होतो आणि दही-गुळाबरोबर खाता येतो. कारण स्टार्चमध्ये आहे. स्टार्चचे दोन घटक असतात : सरळ साखळीचा अमायलोज आणि फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. आपल्या नेहमीच्या मोकळ्या होणाऱ्या तांदळात अमायलोज २० ते २५ टक्के असते, बोकामध्ये ते जेमतेम ४ ते ५ टक्के. अमायलोज कमी असले की दाणा लवकर मऊ पडतो. या तांदळाचा इतिहास मुख्यतः तोंडी आहे. मोगलांशी लढणारे आहोम सैनिक चूल न पेटवता खाता यावे म्हणून हा तांदूळ बरोबर नेत, असे आसामात सांगतात. तोंडी परंपरेला शिलालेखाचे वजन नसते. पण दाण्यातले अमायलोज कोणालाही मोजता येते. असा दाणा पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपल्याशिवाय टिकत नाही. म्हणजे येथे बियाणे हेच एक कागदपत्र झाले.

तिसरे उदाहरण बोडोंचे. ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर, भूतानच्या पायथ्याशी, बोडो लोकांची दाट वस्ती आहे. त्यांची भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातली. १९७५ पासून ती देवनागरीत लिहिली जाते, म्हणून आपल्याला तिचा अर्थ कळला नाही तरी अक्षरे वाचता येतात. २००३ साली तिचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. छापील बोडो साहित्य मात्र बहुतांश विसाव्या शतकातले. २०२४ साली बोडोंच्या बऱ्याच वस्तूंना मानांकन मिळाले. त्यांत दखना हे स्त्रियांचे वस्त्र, अरनाइ हा विणलेला उपरण्यासारखा पट्टा, सिफुंग ही बासरी, एरी रेशीम, नाफाम हे हवाबंद भांड्यात आंबवून ठेवलेले मासे, तागाच्या पानांपासून केलेला नारजी हा पदार्थ आणि तांदळापासून केलेली जौ ही पेये आहेत.

या समाजाने पुराव्याचा रकाना कसा भरायचा? एक आधार हमखास मिळतो : सिडनी एंडल या मिशनऱ्याचे १९११ साली प्रसिद्ध झालेले ‘द कछारीज’ हे पुस्तक. इंग्रजी अमदानीत बोडोंना कछारी म्हणत. एंडलने त्यांच्यात अनेक वर्षे काढली आणि त्यांचे रेशीम, त्यांचे माग, त्यांची तांदळाची बियर यांचे वर्णन केले. पुस्तक उपयोगी आहे हे खरे. पण एखाद्या समाजाला आपल्याच घरातली गोष्ट आपली आहे हे सिद्ध करायला परक्याच्या पुस्तकाचे पान दाखवावे लागावे, यात काहीतरी उलटे आहे.

आमच्या मते याहून जुना पुरावा बोडो घरातच असतो, पण तो वाचायला प्रयोगशाळेची मदत लागते. जौ करण्यासाठी ‘अमाव’ नावाच्या वड्या वापरतात. तांदळाचे पीठ, काही ठराविक झाडपाला आणि पाणी यांची ही वडी. द्राक्षात साखर तयार असते, म्हणून यीस्ट मिळाले की त्याची वाइन होते. तांदळात असतो स्टार्च. यीस्टला तो थेट वापरता येत नाही. आधी स्टार्चची साखर झाली पाहिजे. ईशान्य भारतातल्या अशा वड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांत बुरशी, यीस्ट आणि लॅक्टिक आम्लाचे जिवाणू एकत्र नांदताना आढळले. बुरशीची विकरे स्टार्चची साखर करतात, यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते आणि जिवाणूंच्या आम्लामुळे नासवणाऱ्या जंतूंना आळा बसतो. जौ ग्वरान या पेयात अल्कोहोल सुमारे १६ टक्के भरते.

हे सूक्ष्मजीव वडीत येतात कोठून? नवी वडी थापली की तिच्यावर जुन्या वडीची पूड भुरभुरतात. आपण विरजण लावतो तसेच. म्हणजे आजच्या वडीतले यीस्ट मागच्या वडीतून आले, तिच्यातले त्याच्या मागच्या वडीतून. ही साखळी घराघरातल्या बायकांनी तुटू दिली नाही. बखरीची नक्कल करणारा लेखनिक जसा मागच्या प्रतीवरून पुढची प्रत करतो, तसेच हे काम आहे. फरक इतकाच की एक पिढी थांबली तर ही प्रत पुन्हा मिळत नाही.

शब्दही पुरावा असतात. एरी हे नाव असमिया ‘एरा’वरून आले. एरा म्हणजे एरंड, या अळीचे मुख्य खाद्य. एरीचा कोश एका बाजूने उघडा असतो. पतंग त्यातून बाहेर निघून जाऊ शकतो, म्हणून कोश उकळून सलग धागा न काढता कापसासारखा पिंजून सूत काततात. यामुळे शहरी बाजारात एरीला ‘अहिंसा रेशीम’ म्हणतात. बोडो घरात मात्र कोशातला कोषक आवडीने खाल्ला जातो आणि तो प्रथिनांचा चांगला स्रोतही आहे. बाहेरच्यांनी दिलेले नाव आणि घरातला व्यवहार यांत असा फरक पडतो. मानांकनाच्या अर्जात वस्तू बनवण्याची पद्धत बनवणाऱ्यांनी स्वतः सांगायची असते, ही त्याची जमेची बाजू आम्हांला वाटते.

आता या नोंदीने काय साधते तेही पाहू. मानांकन दहा वर्षांसाठी असते आणि त्याचे नूतनीकरण करावे लागते. ते कोणा एकाच्या मालकीचे नसते, ते विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करून देता येत नाही. पेटंटपेक्षा ते या बाबतीत अगदी वेगळे आहे. मात्र ते वापरायचे तर प्रत्येक विणकराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव वेगळे नोंदवावे लागते. नकली मालाविरुद्ध तक्रार करायला कायद्याचा आधार मिळतो, पण नकली माल आपोआप थांबत नाही. सोनेरी रंगवलेला टसर मुगा म्हणून खपवला जातो. असमिया गामोसाला २०२२ च्या डिसेंबरात मानांकन मिळाले. तरीही यंत्रमागावर विणलेले गामोसे, अरनाइ, दखना यांच्या विक्रीवर आसाम सरकारला २०२३ साली वेगळी बंदी घालावी लागली.

याहून मोठी अडचण अशी की कायदा नावाचे रक्षण करतो, नावामागच्या जीवाचे नाही. मुग्याची अळी उघड्यावर वाढत असल्याने शेजारच्या चहामळ्यातली कीटकनाशके तिला बाधतात, उन्हाळा वाढला की बियाण्याच्या पिढ्या कोलमडतात. सोमची झाडे तोडली तर मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि धागा येणार नाही. अमाव करणारी शेवटची बाई गेली आणि तिची वडी कोणी पुढे चालवली नाही, तर जौ हे नाव वहीत उरेल, पण ती चव कोणाला पुन्हा आणता येणार नाही. पतंग, बियाणे आणि वडी हे येथले खरे दप्तर आहे. दप्तर जपायचे असेल तर जंगल, शेत आणि करणारीचा वेळ यांचीही काळजी घ्यावी लागेल.

वर्गात एक काम करून पाहता येईल. आपल्या गावात किंवा तालुक्यात होणारी एक वस्तू निवडावी. मुलांना गट पाडून अर्जाचे रकाने द्यावेत : वर्णन, नकाशा, पद्धत, वेगळेपण आणि उगमाचा पुरावा. पहिले चार रकाने एका तासात भरतील. पाचव्यासाठी त्यांना घरी आजीला विचारावे लागेल, जुन्या बाजारच्या नोंदी शोधाव्या लागतील, बियाणे किंवा विरजण कोठून आले याचा माग काढावा लागेल. काही गटांना कागद मिळेल, काहींना मिळणार नाही. ज्यांना मिळणार नाही त्यांना शून्य गुण देऊ नयेत. कागद नसताना आणखी काय दाखवता येईल, हे त्यांनाच विचारावे.