कॉम्प्युटर सुरू होताना दर वेळी ‘डिस्क चेक’ का येतो? तो टाळावा की होऊ द्यावा?

पावसाळ्यात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या किनारपट्टीवर वीज जाणं नवं नाही. झेरॉक्सचं दुकान असो, होमस्टेचं बुकिंग असो की सोसायटीचा हिशेब, अनेक ठिकाणी काम आजही आठ-दहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर चालतं. वीज परत आली की बटण दाबलं जातं. पण नेहमीच्या विंडोजऐवजी काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी दिसतात. त्यांचा अर्थ असा: एक ड्राइव्ह तपासायचा आहे, नको असेल तर काही सेकंदांत कोणतंही बटण दाबा.

समोर गिऱ्हाईक उभं असतं. बटण दाबलं जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच पडदा येतो. हा नेमका काय प्रकार आहे?

डिस्क चेक म्हणजे काय?

हार्ड डिस्कवर फाइल्स असतात, तशीच कोणती फाइल कुठे ठेवली आहे याची नोंदवहीही असते. तिला फाइल सिस्टिम म्हणतात. फाइल सेव्ह होत असतानाच वीज गेली, तर माल आत आला पण वहीत नोंद अर्धीच राहिली, अशी स्थिती होऊ शकते.

विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टिम प्रत्येक बदलाची आधी वेगळी टिपणी ठेवते. त्यामुळे एखाद्या वेळी वीज गेली, तर ती बहुतेकदा स्वतःच सावरते. पण नोंदी जुळत नाहीत असं विंडोजला आढळलं, तर त्या ड्राइव्हवर एक खूण केली जाते. तिला ‘डर्टी बिट’ म्हणतात. ही खूण दिसली की कॉम्प्युटर सुरू होताना ‘चेकडिस्क’ हा प्रोग्राम आपोआप चालतो. जुन्या फॅट ३२ पद्धतीत अशी टिपणी नसते, म्हणून तिथे अचानक वीज गेल्यावर तपासणीची वेळ जास्त येते.

रोज रोज का येतो?

पहिलं कारण साधं आहे: तपासणी कधी पूर्णच होऊ दिलेली नसते. ती यशस्वीपणे संपल्याशिवाय खूण पुसली जात नाही. दर वेळी बटण दाबलं तर दर वेळी तोच प्रश्न येणार.

दुसरं कारण गंभीर आहे. तपासणी पूर्ण होऊनही काही दिवसांत ती पुन्हा येत असेल, तर डिस्क खराब होत असण्याची शक्यता असते. कधी डिस्क ठीक असते, पण तिची डेटा केबल सैल झालेली असते किंवा पॉवर सप्लाय थकलेला असतो. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत धातूच्या जोडण्या लवकर गंजतात, त्यामुळे इथे केबलही तपासून घेणं शहाणपणाचं.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एक वेगळं कारण असू शकतं. मदरबोर्डवरचा बटणासारखा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ अनेक वर्षं मागे जातं. मग डिस्कवरची शेवटची नोंद ‘भविष्यातली’ दिसते आणि तपासणी सुरू होऊ शकते. हा सेल स्वस्तात बदलून मिळतो.

आधी काय करावं?

आधी कॉपी, मग दुरुस्ती. चेकडिस्क फाइल्स वाचवण्यासाठी नसतो. तो नोंदवही जुळवतो, आणि ते करताना अर्धवट तुकडे बाजूला टाकू शकतो. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास तपासणी चालवली, तर तिचा उरलेला जीवही जाऊ शकतो.

म्हणून डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा फाइल उघडायला मिनिटं लागत असतील, तर तपासणी एकदा टाळून हिशेब, फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्यावीत. त्यातली एकही गोष्ट दिसत नसेल, तर तपासणी होऊ द्यावी.

किती वेळ लागतो?

नुसत्या नोंदी जुळवायला बहुतेकदा काही मिनिटं पुरतात. डिस्कचा प्रत्येक भाग वाचून खराब जागा शोधायच्या असतील, तर मोठ्या हार्ड डिस्कला कित्येक तास लागू शकतात. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते. तेव्हा मशीन अडकलं असं समजून वीज बंद करू नये. आधी हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतो का ते पाहावं. शक्य असेल तर हे काम दुकान बंद झाल्यावर, आणि वीज टिकण्याची खात्री असेल तेव्हाच लावावं.

नंतर ‘फाउंड’ नावाचं फोल्डर दिसलं, तर ते सापडलेल्या तुकड्यांचं असतं. हवी ती फाइल मिळाली का हे पाहिल्याशिवाय ते पुसू नये.

तपासणी कायमची बंद करता येते का?

येते. विंडोजमध्ये एखादा ड्राइव्ह या तपासणीतून वगळण्याची सोय आहे. पण तसं केल्याने प्रश्न विचारणं थांबतं, बिघाड तसाच राहतो.

वीज जाण्यावर उपाय काय?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. विजेचे असंख्य खांब पडले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागातली अनेक गावं कित्येक दिवस अंधारात होती. पण वादळाचा इशारा आधी मिळाला होता. कॉम्प्युटर नीट बंद करून प्लग काढायला वेळ होता. रोजची दोन मिनिटांची ‘लाइट गेली’ मात्र न सांगता येते, आणि डिस्कला तीच जास्त छळते.

त्यासाठी छोटा यूपीएस पुरतो. त्याचं काम तासभर कॉम्प्युटर चालवण्याचं नाही, तर फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरती काही मिनिटं देण्याचं आहे. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, हे लक्षात ठेवावं. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल आणि वीज जाताच तो रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का पाहावं. साध्या मोडमध्ये वीज बदलताना पडणारा खंड कॉम्प्युटरला सोसत नाही.

एवढं करूनही काळा पडदा परत येत असेल, तर नवी डिस्क घ्यायची वेळ झाली असं समजावं. डिस्क पुन्हा विकत मिळते. पाच वर्षांचा हिशेब मिळत नाही.