कंसातला 'मराठा' : दुसऱ्या पॅरा पलटणीचा युद्धेतिहास

भारतीय सैन्यातील पलटणींची नावे वरवर पाहता रुक्ष वाटतात. परंतु क्रमांक, कंस आणि संक्षेप यांच्या त्या गुंत्यात पलटणीचा सारा पूर्वेतिहास दडलेला असतो. पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीचे नाव या दृष्टीने विशेष बोलके आहे. १९४६ मध्ये या पलटणीकडे हवाई छत्रीने उतरण्याचे काम सोपवले गेले, तेव्हा तिचे नाव 'तिसरी (पॅरा) मराठा लाइट इन्फंट्री' असे झाले, म्हणजे मराठा हे कुळ आणि पॅरा हे कंसातले विशेषण होते. १९५२ नंतर ती '२ पॅरा (मराठा)' म्हणून ओळखली जाऊ लागली आणि कंसातला शब्द व कंसाबाहेरचा शब्द यांनी जागांची अदलाबदल केली. पलटणीच्या युद्धेतिहासाचा मागोवा घेताना मात्र असे दिसते की, नाव कसेही लिहिले गेले तरी तिच्या लढाया प्रामुख्याने पायदळाच्याच होत्या आणि आकाशातून थेट रणांगणात उतरण्याचा प्रसंग तिच्या वाट्याला एकदाच आला.

पलटणीचे मूळ १७९७ मध्ये उभारल्या गेलेल्या मुंबई इलाख्याच्या देशी पायदळापर्यंत पोहोचते. पहिल्या महायुद्धात ती '११० वी मराठा लाइट इन्फंट्री' या नावाने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या (पुणे) डिव्हिजनबरोबर लढली आणि जनरल टाउनशेंडच्या सैन्यासह कूत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी अन्नान्नदशा झालेल्या त्या सैन्याने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. १९२२ च्या पुनर्रचनेत या पलटणीला मराठा रेजिमेंटमधील तिसरा क्रमांक मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तिने १९४१ साली एरिट्रियातील केरनच्या उभ्या डोंगररांगांवर इटालियन सैन्याशी झुंज दिली आणि पुढे प्रत्यक्ष इटलीत जर्मनांशी. माणगाव परिसरातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे याच पलटणीचे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतील जवळजवळ सर्व जण मारले गेले वा जखमी झाले असताना, त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तेथेच त्यांना वीरमरण आले; त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

भारतातील हवाई छत्री दलाची सुरुवात मात्र निराळ्या पलटणींपासून झाली. ऑक्टोबर १९४१ मध्ये ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली, तेव्हा तिच्यात एक ब्रिटिश, एक भारतीय व एक गुरखा अशा तीन पलटणी होत्या (ब्रिगेड म्हणजे साधारणतः तीन पलटणी आणि त्यांच्या दिमतीला तोफा, अभियंते व वैद्यकीय पथक असा स्वतंत्रपणे लढू शकणारा समूह). या ब्रिगेडची सर्वांत मोठी लढाई मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे झाली आणि ती पूर्णपणे जमिनीवरची होती. रणभूमीवर खरी हवाई उडी पडली ती १ मे १९४५ रोजी, रंगून नदीच्या मुखापाशी एलिफंट पॉइंट येथे, आणि ती गुरखा पलटणीने घेतली. महायुद्ध संपताच या पलटणींची मिळून बनलेली पहिली भारतीय पॅराशूट रेजिमेंट बरखास्त झाली. नव्या पलटणी उभारण्याऐवजी जुन्या, अनुभवी पलटणींनाच छत्रीचे प्रशिक्षण देण्याचा निर्णय झाला आणि तिसऱ्या मराठा पलटणीच्या नावात 'पॅरा' हा शब्द आला तो या मार्गाने. फाळणीत रावळपिंडीजवळचे चकलाला येथील प्रशिक्षण केंद्र पाकिस्तानात गेले आणि भारतातील छत्रीचे शिक्षण आग्र्याला सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच जम्मू-काश्मीरचे युद्ध पेटले आणि ही पलटण ५० व्या पॅरा ब्रिगेडबरोबर नौशेरा-झांगड भागात पोहोचली. २४ डिसेंबर १९४७ रोजी झांगड शत्रूच्या हाती गेले होते. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांनी ते परत मिळेपर्यंत खाटेवर न झोपण्याचा निश्चय केला, अशी आठवण सैन्यात आजही सांगितली जाते. १८ मार्च १९४८ रोजी झांगड पुन्हा ताब्यात आले आणि ३ जुलैला त्याच झांगडमध्ये तोफगोळ्याने उस्मान यांचा बळी घेतला. नौशेरा आणि झांगड ही दोन्ही नावे पुढे पॅराशूट रेजिमेंटच्या रणसन्मानांत, म्हणजे ध्वजावर व अभिलेखात मिरवण्याचा मान असलेल्या लढायांच्या यादीत, समाविष्ट झाली. या दोन्ही लढाया पायी लढून जिंकलेल्या होत्या, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

डिसेंबर १९६१ मधील गोवा मोहिमेतही छत्र्या घडीतच राहिल्या. मुख्य चढाई सतराव्या डिव्हिजनकडे होती. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या ५० व्या पॅरा ब्रिगेडला उत्तरेकडून दुय्यम स्वरूपाचे काम नेमून दिलेले होते, ते तिने कल्पनेपेक्षा वेगाने पार पाडले. १८ डिसेंबरला निघालेल्या तीन तुकड्यांपैकी पूर्वेकडची तुकडी २ पॅरा (मराठा) ची होती आणि ती उसगावमार्गे फोंड्याकडे गेली. पोर्तुगिजांनी माघार घेताना पूल उडवून दिले असल्यामुळे खरी अडचण गोळीबारापेक्षा नद्यांचीच अधिक झाली.

असे असताना इतके खर्चिक दल कशासाठी बाळगायचे, हा प्रश्न जगातील प्रत्येक सैन्यात विचारला गेला आहे. छत्रीधारी सैनिक जमिनीवर टेकतो तेव्हा त्याच्याजवळ अंगावर पेलेल तेवढेच शस्त्र असते, जड तोफा फारच थोड्या असतात, आणि त्याची स्वतःची सेना त्याच्यापर्यंत लवकर पोहोचली नाही तर तो वेढला जातो. या भेटीला सैनिकी भाषेत 'लिंक-अप' म्हणतात. म्हणून उडीची जागा निवडताना शत्रू कोठे आहे यापेक्षा आपले पायदळ किती तासांत येईल याचा हिशेब आधी करावा लागतो. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातील टांगाईल येथे हा हिशेब बरोबर जुळला.

जमालपूर व मैमनसिंग येथून पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड ढाक्याच्या रक्षणासाठी मागे सरत होती आणि तिचा रस्ता लोहाजंग नदीवरील पुंगली पुलावरून जात होता. तो पूल ताब्यात घेण्यासाठी लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली २ पॅरा पलटण, छत्रीने उतरवलेल्या तोफा, अभियंते व वैद्यकीय पथकासह धाडण्यात आली. कलाईकुंडा व डमडम येथून निघालेल्या एएन-१२, पॅकेट, डाकोटा अशा निरनिराळ्या वेगांच्या विमानांतून दुपार कलल्यावर सुमारे सातशे जवान उतरले. अशा उडीत 'स्टॅटिक लाइन' नावाची पट्टी विमानातील तारेला अडकवलेली असते आणि जवान दारातून बाहेर पडताच तिच्या ओढीने छत्री आपोआप उघडते. मात्र एकेका विमानातून उडणारी माणसांची रांग वाऱ्याने आणि विमानाच्या वेगाने कित्येक शेतांवर पसरते. ही पांगापांग टांगाईललाही झाली. परंतु कॅप्टन पी. के. घोष हे अधिकारी आधीच गुप्तपणे त्या भागात पोहोचून कादर सिद्दीकी यांच्या मुक्तियोद्ध्यांशी संधान बांधून होते, आणि गावकरी विखुरलेले सामान व दारूगोळा शोधून आणून देत होते. त्याच रात्री पूल हाती आला आणि उत्तरेकडून येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांचे हल्ले परतवले गेले.

१२ डिसेंबरला पुलावर पोहोचलेले भारतीय पायदळ कोणते होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. जमालपूरची लढाई लढून दक्षिणेकडे आलेली ती पहिली मराठा पलटण होती, म्हणजेच 'जंगी पलटण'; ज्या रेजिमेंटमधून २ पॅरा वेगळी झाली होती, त्याच घरची ती वडील शाखा. योजनेच्या कागदावर हा योगायोग होता. घराण्याच्या दृष्टीने पाहिले तर ती जुन्या नात्याची भेट होती.

उडीचा आणखी एक परिणाम रणांगणाबाहेर झाला. वृत्तपत्रांना दिल्या गेलेल्या छायाचित्रात पूर्वीच्या एका सरावातील, कितीतरी मोठ्या उडीचे दृश्य होते; त्यामुळे एक पलटण नव्हे, तर संपूर्ण ब्रिगेड ढाक्याजवळ उतरली असा समज पसरला आणि ढाक्यातील पाकिस्तानी सेनापतींच्या धैर्यावर त्याची छाया पडली. टांगाईलच्या यशात बंदुकीचा वाटा किती आणि बातमीचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे; तरी बातमीचा वाटा क्षुल्लक मानणे चूक ठरेल. १६ डिसेंबरला मीरपूर पुलावरून ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या भारतीय तुकड्यांत हीच पलटण होती. पन्नू यांना महावीरचक्र मिळाले आणि पुंगली पूल रेजिमेंटच्या रणसन्मानांत नोंदला गेला.

या शतकाच्या आरंभी २ पॅरा विशेष दलात रूपांतरित झाली आणि कंसात 'मराठा' ऐवजी 'स्पेशल फोर्सेस' हे शब्द आले. कठोर चाचणी उत्तीर्ण होणारा कोणत्याही प्रांताचा सैनिक तिच्यात येऊ लागला. दरम्यान मराठा रेजिमेंटमधील एकविसावी पलटण, १९८५ मध्ये उभारलेली, १९९६ मध्ये त्याच वाटेने पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. तिने आपला एकवीस हा मराठा क्रमांक बदलला नाही आणि 'वाघनखे' हे नावही सोबत नेले.